एजंटाची बुधवारची रजा

माझी थोरली बहीण, आमची अक्का, पुण्यात मुलाकडे राहते. गेली तीस वर्षे ती सूर्यास्तानंतर काही घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या आत तिचे ताट वाढले जाते, सून आणि नात बहुधा सोबत बसतात. मुलगा मात्र त्या वेळी धायरीतल्या एखाद्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर कोणाला तरी फ्लॅट दाखवत असतो. तो घरांच्या खरेदी-विक्रीचा आणि भाड्याचा एजंट आहे. त्याचा ग्राहक नोकरदार, म्हणजे सहानंतर किंवा रविवारी मोकळा होणारा. त्यामुळे जगाची जी फुरसतीची वेळ, तीच याची कामाची. अक्काने त्याविषयी तक्रार कधी केली नाही. एकदाच सहज बोलून गेली, "दुसऱ्यांना घरं दाखवता दाखवता याला स्वतःचं घर रात्रीच दिसतं."

मी बँकेत चौतीस वर्षे काढली, त्यांतली शेवटची अकरा गृहकर्ज विभागात. त्या काळात शेकडो एजंट माझ्या टेबलासमोर बसले. समाजात त्यांच्याविषयी फारसे चांगले बोलले जात नाही. दोन चकरा मारून टक्का खातात, असे आपण सहज म्हणतो. मला टेबलापलीकडून दिसले ते निराळे होते. कारकुनाला महिना भरला की पगार मिळतो, वैद्याला रोगी बरा होवो न होवो तपासणीचे पैसे मिळतात. एजंटाला मात्र व्यवहार पार पडला तरच दलाली. पंधरा चकरा मारून सोळाव्या दिवशी ग्राहकाने विचार बदलला तर पेट्रोलसुद्धा स्वतःच्या खिशातून. म्हणून त्याला वाजणारा प्रत्येक फोन हाच पगार वाटतो. तो न उचलणे म्हणजे पगार परत करणे. हा माणूस सुट्टी घेत नाही तो लोभामुळे नव्हे, धास्तीमुळे.

या धास्तीवर उपाय सुचवायला माझ्याजवळ काही मोठे व्यवस्थापनशास्त्र नाही. बँकेतली एक जुनी रीत मात्र आहे. बँकेत जोखमीच्या जागांवरच्या कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनेप्रमाणे ही रजा वर्षातून एकदा, सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची आणि आगाऊ कल्पना न देता द्यावयाची असते. बाहेरच्यांना वाटते की बँक मोठी दयाळू. हेतू दयेचा नसतो. टेबलावरचा माणूस हलला की त्याचे काम दुसऱ्याच्या हाती जाते, आणि कागदावर काय आहे व केवळ त्या माणसाच्या डोक्यात काय आहे ते उघड होते. रजा ही कामाची तपासणी असते.

माझी ती तपासणी एका वर्षी फारशी चांगली झाली नाही. मी रजेवर असताना एका ग्राहकाच्या कर्जाचा पुढचा हप्ता बिल्डरला जायचा होता. बिल्डरचे मागणीपत्र आले होते, पण ते मी टेबलाच्या खणात ठेवले होते. परत आल्यावर पाहू, असा विचार करून. माझ्या जागी बसलेल्या सहकाऱ्याला फाइलमध्ये मागणीपत्र दिसले नाही, म्हणून त्याने रक्कम सोडली नाही. त्यात त्याचे काही चुकले नाही. ग्राहकाला मात्र विलंबाचे व्याज भरावे लागले. तो गृहस्थ रागावला नाही, केवळ पावती माझ्यापुढे ठेवून गेला. त्या दिवसापासून मी खणात कागद ठेवणे सोडले. (खरे सांगायचे तर उरलेली सगळी कामे माझ्यावाचून सुरळीत झाली, याचेही मला त्या वेळी थोडे वाईट वाटले होते.)

भाच्याची तपासणी दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात झाली आणि ती फार महाग पडली. त्याला डेंग्यू झाला. नऊ दिवस रुग्णालयात. पहिले चार दिवस तर फोन धरण्याचेही त्राण नव्हते. फोन सुनेच्या हातात, आणि तो दिवसभर वाजत होता. पलीकडून बोलणारे विचारत, "किल्ली कुठं आहे?" "मालक किती कमी करतो म्हणाले?" "उद्याचं नक्की ना?" तिला यांतले काहीच ठाऊक नव्हते, कारण कोठेच काही लिहिलेले नव्हते. सगळे त्याच्या डोक्यात, आणि ते डोके एकशे तीन तापात.

त्यातच आमच्या परिचयाच्या एका वयस्क जोडप्याचा व्यवहार होता. निवृत्तीनंतर मुलीजवळ राहावे म्हणून त्यांनी जुना फ्लॅट विकला होता व नव्यासाठी एक लाखाचा धनादेश विसार म्हणून दिला होता. दिला भाच्यासमोर, त्याच्याच कार्यालयात, चहा घेता घेता. किंमत ठरली, मुदत ठरली, सारे तोंडी. विसारपावती दोन दिवसांनी करू असे म्हणून तो उठला आणि तिसऱ्या दिवशी रुग्णालयात दाखल झाला. इकडे विकणाऱ्याला दुसरे गिऱ्हाईक दोन लाख जास्त देणारे भेटले. तो म्हणू लागला, "किंमत पक्की झालीच नव्हती, एक लाख नुसते थांबण्यासाठी होते." धनादेश वटल्याची नोंद बँकेत होती, पण तो कशाबद्दल, कोणत्या अटीवर, हे सांगणारा कागद नव्हता. पैसे परत मिळायला तीन महिने गेले. तो फ्लॅट गेलाच. ते जोडपे तोवर भाड्याच्या घरात, सामान खोक्यांत बांधलेले.

क्षमावाणीच्या दिवशी भाचा त्यांच्याकडे गेला. मी सोबत होतो. त्या गृहस्थांनी त्याला जवळ बसवले, पाणी दिले. मग म्हणाले, "पैसे आले रे. पण तीन महिने ही झोपली नाही." बाईंनी मान खाली घातली. परतताना भाचा गाडीत काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मामा, तुम्ही बँकेत वह्या कशा ठेवत होता ते मला दाखवा."

आम्ही बसलो तेव्हा मी आधी त्याच्याकडून मागच्या एका महिन्याचा हिशेब घेतला. फोनमधले निरोप, पेट्रोलच्या पावत्या, आठवण, जे मिळेल त्यावरून. त्या महिन्यात त्याने सत्तेचाळीस वेळा घरे दाखवली होती. व्यवहार झाले दोन, तेही भाड्याचे. मी विचारले, या सत्तेचाळिसांतल्या किती जणांना ते घर परवडणारे होते? तो गप्प राहिला. विचारले नव्हते, म्हणाला. पार्टीला पैशांचे विचारले तर ती नाराज होते.

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. ग्राहक म्हणतो, "माझे बजेट साठ लाख." एजंट साठ लाखांची घरे दाखवू लागतो. पण साठ लाखांचे घर घ्यायला हातात किती रोकड लागते, हे दोघांपैकी कोणीच मांडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे गृहकर्ज ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून जास्त देता येत नाही. म्हणजे साठ लाखांवर फार तर ४८ लाख. उरलेले १२ लाख ग्राहकाचे. त्याखेरीज पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क व त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर त्यात एक टक्का सवलत. नोंदणी फी ३० हजार. हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. एजंटाची दलाली, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क आणि किरकोळ दुरुस्ती बाजूला ठेवली तरी साडेसोळा लाख रुपये ग्राहकाच्या खात्यात असले पाहिजेत. आता हप्ता पाहा. ४८ लाख, वीस वर्षे, साडेआठ टक्के दराने महिन्याला सुमारे साडेएकेचाळीस हजार. बँकेने हातात येणाऱ्या पगाराचा निम्मा भाग हप्त्यासाठी धरला तरी पगार त्र्याऐंशी हजारांच्या आसपास हवा, आणि तोही मोटारीचे किंवा अन्य कर्ज डोक्यावर नसताना.

ही आकडेमोड पाच मिनिटांची आहे. ती पहिल्याच फोनवर, सौम्य शब्दांत केली तर कोणी रागावत नाही. उलट बहुतेकांना ती प्रथमच कळते. मी अकरा वर्षे हीच आकडेमोड करून लोकांना निराश करत होतो, पण माझ्याकडे ते घर पसंत करून, पडद्यांचा रंग ठरवून येत. तीच गोष्ट घर पाहण्याआधी कळली असती तर त्यांचे डोळे तसे झाले नसते. भाच्याने आता कार्यालयात एक छापील कागद केला आहे. त्यावर जमा रक्कम किती, कर्जाची पूर्वमंजुरी आहे का, निर्णय कोण घेणार, घर कधीपर्यंत हवे, एवढेच चार प्रश्न आहेत. निर्णय कोण घेणार हा प्रश्न मी सुचवला नव्हता, त्याचा स्वतःचा आहे. नवरा-बायको घर पसंत करतात आणि मग गावाहून वडील येऊन "दार दक्षिणेला आहे" म्हणून मोडतात, हा त्याचा अनुभव. आता तो वडिलांनाच पहिल्या खेपेला बोलावतो.

विकणाऱ्याच्या बाजूनेही तीच शिस्त लागते. पुनर्विक्रीच्या घरांचे निम्मे व्यवहार माझ्या टेबलावर कागदांसाठी अडत. मधला एखादा करारनामा हरवलेला, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, मूळ मालक वारलेले आणि वारसांपैकी एक परदेशात, सोसायटीच्या भागदाखल्यावर अजून आधीच्याच मालकाचे नाव. हे सारे घर दाखवण्याआधी पाहता येते. पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतच्या करारनाम्यांची साखळी, सूची क्रमांक दोन, मिळकत कराची पावती, भोगवटा प्रमाणपत्र, भागदाखला आणि चालू कर्ज असल्यास बँकेचे पत्र. यांच्या प्रती हाती आल्याखेरीज त्या घराची किल्ली घ्यायची नाही, असे त्याने ठरवले. सुरुवातीला दोन मालक निघून गेले. गेले ते बरेच झाले, असे मी म्हणालो. त्याला ते तेवढे पटले नाही.

विसारपावतीचा त्याने चांगलाच धसका घेतला आहे. आता पैसे हलायच्या आधी पावती तयार असते. तीत ठरलेली किंमत, विसाराची रक्कम व धनादेशाचा क्रमांक, नोंदणीकृत करारनाम्याची मुदत, आणि कोणत्या कारणाने व्यवहार मोडला तर विसाराचे काय, एवढे असतेच. रोख घ्यायचीच नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला चालत नाही, हे आपल्या व्यापारी घरांतही अनेकांना आजही सांगावे लागते.

भाड्याच्या घरांबाबत थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात भाड्याचा म्हणजे अनुमती व परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, आणि बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात. म्हणजे प्रत्येक करार संपण्याची तारीख एजंटाला अकरा महिने आधीपासून माहीत असते. तरीही शेवटच्या दिवशी रात्री दहाला भाडेकरूचा घाबरा फोन यायचाच. तारखा वहीत उतरवून पंचेचाळीस दिवस आधी दोन्ही बाजूंना विचारायला त्याने सुरुवात केली, आणि रात्रीचे निम्मे फोन बंद झाले.

नोंदी ठेवणे ही आता केवळ आवड राहिलेली नाही, हेही सांगायला हवे. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. नोंदणीकृत प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी लागते, आणि हिशेबाच्या वह्या व कागदपत्रे जपून ठेवणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. २०२३ पासून प्रशिक्षण व परीक्षाही आली. भाच्याने पंचेचाळिसाव्या वर्षी ती परीक्षा दिली. नात त्याची उजळणी घेत होती.

आता रजेचा प्रश्न. रविवार शक्यच नव्हता. शनिवारही नाही. आम्ही बुधवार ठरवला, कारण वहीत पाहिले तर बुधवारी सर्वांत कमी भेटी होत्या. पण फोनचे काय? इथे बँकेची दुसरी रीत उपयोगी पडली. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात, दोघांवाचून ती उघडत नाही. त्याच रस्त्यावर आणखी एक एजंट आहे, वयाने तरुण, प्रामाणिक. दोघांनी ठरवले की बुधवारी भाच्याचे फोन त्याने घ्यायचे, सोमवारी त्याचे याने. भीती होतीच की ग्राहक पळवले तर? म्हणून दलालीची वाटणी आधीच लिहून ठेवली. ज्याचा ग्राहक त्याला साठ टक्के, ज्याने दाखवले त्याला चाळीस. अक्षरशः एका पानाचा कागद, दोघांच्या सह्या. पहिले दोन महिने भाचा बुधवारी घरी बसून चोरून फोन पाहत असे. सुनेने फोन अक्काच्या देव्हाऱ्याजवळ ठेवायला सुरुवात केली. तिथून उचलायचा तर आईसमोरून जावे लागते.

सलग रजेसाठी बाजाराचे पंचांग पाहावे लागते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे सौद्यांचे दिवस. मार्चअखेर नोंदणी कार्यालयात गर्दी, कारण एक एप्रिलला शीघ्रसिद्ध गणकाचे नवे दर येतील या धास्तीने सगळे घाई करतात. मे-जूनमध्ये शाळांमुळे भाड्याची धावपळ. आणि भाद्रपदाच्या वद्य पक्षात, पितृपंधरवड्यात, सारे थंड. त्या पंधरा दिवसांत नवे घर कोणी सहसा बघत नाही, विसार तर देतच नाही. आपल्या घरांत पितृपंधरवड्याचे बंधन नाही, पण बाजार ग्राहकाच्या पंचांगाने चालतो. आणि आपला दशलक्षण पर्व संपतो त्याच सुमारास हा पंधरवडा लागतो. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मंदिर सांभाळून थकलेल्या माणसाला याहून सोयीची फुरसत कोणती? इतकी वर्षे तो त्या दिवसांत रिकाम्या कार्यालयात पंख्याखाली बसून फोनची वाट पाहत होता.

गेल्या वर्षी त्याने सहा दिवस घेतले. आईला, बायकोला, मुलीला घेऊन बाहुबलीला गेला, मग नांदणीला, आमच्या मूळ गावी. चौथ्या दिवशी शेजारच्या एजंटाचा निरोप आला की एक पार्टी थांबायला तयार नाही, तिला भाच्याशीच बोलायचे आहे. तो बोलला नाही. पार्टी गेली. अंदाजे साठ हजारांची दलाली गेली, आणि ती शेजाऱ्यालाही मिळाली नाही. मी इथे सर्व काही गोड झाले असे लिहू शकलो असतो, पण तसे झाले नाही. साठ हजार म्हणजे मुलीचे सहा महिन्यांचे क्लासचे पैसे. परतल्यावर त्याने वहीत एक नवा रकाना आखला. त्याला नाव दिले ‘रजेचा खर्च’, आणि पहिली रक्कम लिहिली. मी विचारले, याच्यासमोर जमेला काय लिहिणार? म्हणाला, "ते अजून ठरवलं नाही, मामा."

त्याच महिन्यात त्याने एकवीस वेळा घरे दाखवली, सत्तेचाळीस नव्हे. व्यवहार तीन झाले. एका महिन्यावरून नियम काढू नये, हे मी बँकेत शिकलो आहे, म्हणून मी त्याला फार शाबासकी दिली नाही.

या भाद्रपदासाठी दहा दिवस ठरले आहेत. शेजारचा एजंट कार्यालयाची दुसरी किल्ली आताच घेऊन गेला आहे, आणि बरोबर वहीची छायाप्रतही. अक्काने सुनेला विचारले, "दहा दिवस हा घरात काय करील?" सून म्हणाली, "ते त्यांनाच विचारा." परवा बुधवारी संध्याकाळी साडेपाचला मी त्यांच्याकडे होतो. चार ताटे मांडलेली होती. भाचा नातीला गणित शिकवत होता, चुकीचे शिकवत होता, आणि ती त्याला दुरुस्त करत होती.